उजनीचा तळ : दोरी, नकाशा आणि उपग्रह

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, मुलींना शिकवा म्हणावे, लग्नातील खर्च कमी करा म्हणावे, अशीच आपली अपेक्षा असणार. ते विषय थोर आहेत. परंतु आमच्याहून अधिकारी माणसे ते दरवर्षी मांडतात. म्हणून ज्या पाण्यावर या मंडपातील निम्म्याहून अधिक घरांची चूल पेटते, त्या उजनीच्या पाण्याच्या खोलीविषयी आज बोलण्याचे आम्ही ठरविले आहे. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आहे. ती या व्यासपीठावरून द्यावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आपण भोई. पालखी खांद्यावरून उतरली, पण नदी सुटली नाही. भीमेच्या डोहांची नावे आपल्या आजोबांना तोंडपाठ होती. पुढे १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि नदीचा सागर झाला. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतील कितीतरी गावे पाण्याखाली गेली. त्यांत आमचेही गाव गेले. तेव्हा आम्ही नुकतेच मॅट्रिक होऊन शिक्षकीच्या वाटेला लागलो होतो. ज्या ओट्यावर बसून आम्ही पाढे घोकले, त्या ओट्यावरून आज आपल्या होड्या जातात. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक दुरून ते पाहावयास येतात. पाहणारास ते नवल वाटते. आपणांस मात्र ते एक स्मरण असते की या पाण्याला तळ आहे, आणि त्या तळावर विहिरी, देवळे, बांध, बाभळी व घरांचे चौथरे अजून उभे आहेत. जाळे अडकते ते पाण्यात नव्हे, या जुन्या संसारात अडकते.

म्हणून मासेमारास तळ ठाऊक असावा लागतो. चिलापी कोणत्या उथळ पाण्यात येते, कटला कोणत्या खोलीवर फिरतो, वाम कोणत्या दगडांत दडते, हे सारे तळावर अवलंबून आहे. पूर्वी हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. आता मुलांच्या हाती फोन आला आहे; त्यात नकाशा आहे आणि आपण कोठे उभे आहोत हे उपग्रहांवरून सांगणारी जीपीएस नावाची व्यवस्था आहे. काहींनी पाण्याची खोली दाखविणारे यंत्रही घेतले आहे. तरुण म्हणतात, यंत्र खरे. म्हातारे म्हणतात, दोरी खरी. हा वाद प्रत्येक काठावर चालू आहे. या दोहोंची तुलना आम्ही स्वतः करून पाहिली आहे. तिचा वृत्तांत सांगण्यापूर्वी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षकमित्राकडे आम्हांस धरण होण्यापूर्वीचा सर्व्हे ऑफ इंडियाचा एक नकाशा पाहावयास मिळाला. त्यात आमचे बुडालेले गाव जसेच्या तसे होते! गाडीवाट होती, देऊळ होते, विहिरींचे निळे ठिपके होते. आमचे डोळे भरून आले, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. आम्ही मोठ्या हौसेने त्या नकाशाच्या कडेवरील अंशांवरून प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश काढले, वहीत लिहिले आणि आळीतील तरुणांना ती वही दिली. सांगितले, "हे आकडे फोनमध्ये घाला. विहीर कोठे आहे हे आता कोणास विचारावयास नको. तेवढी जागा सोडून निर्धास्त जाळे लावा."

आमचे थोरले चुलते, ज्यांस सारा वाडा तात्या म्हणत असे, तेथे बसले होते. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, तुझा कागद कोरडा हाय. पाण्यात भिजवून बघ आधी." आम्ही हसलो.

पंधरा दिवसांनी त्याच तरुणांपैकी एकाने, वहीप्रमाणे मोकळ्या असलेल्या जागी, तंगूसाचे कोरे जाळे लावले. जाळे व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेले होते. पहाटे ओढू गेला तो ते हलेना. खाली मोटेच्या विहिरीचे दगडी खांब होते. ज्या विहिरीस आम्ही वहीत दुसरीकडे बसविले होते, तीच ही विहीर. जाळे वाचविण्यासाठी तो पाण्यात उतरला आणि त्याचा पाय त्याच जाळ्यात गुंतला. जोडीदाराने विळ्याने दोर कापून त्यास वर ओढले म्हणून आज तो या मंडपात बसला आहे. जाळे गेले, उधारी राहिली. ती फेडण्यात आम्ही आमचा वाटा उचलला. परंतु पैशाने फिटणारी ती गोष्ट नव्हे. त्या घरच्या माउलीने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले. विद्येचा मान ठेवून आमच्या वहीवर विश्वास ठेवणाऱ्या मुलाचा जीव त्याच वहीपायी जाऊ शकला असता.

मग चूक कोठे झाली याचा शोध घेण्यास आम्ही बसलो. जो शोध लागला, तो सर्वांच्या उपयोगाचा आहे.

पहिली गोष्ट अशी की अक्षांश-रेखांश हे सर्व नकाशांत एकाच मोजणीचे नसतात. पृथ्वी ही नेमकी चेंडूसारखी गोल नाही. म्हणून नकाशा करणारे तिचा एक आकार कल्पून त्यावर अंशांच्या रेघा आखतात. आपल्या देशातील जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली ठरविलेल्या आकारावर आधारलेले आहेत. त्या मोजणीचे मूळ ठिकाण मध्य प्रदेशातील कल्याणपूर. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या दुसऱ्याच आकारावर चालते. एकच विहीर, पण दोन मोजण्यांत तिचे अंश वेगळे. आपल्या भागात हा फरक जमिनीवर शंभर मीटरहून अधिक भरतो. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्व्हे ऑफ इंडियाने लोकांसाठी नव्या मोजणीचे नकाशे काढले. पण आमच्या हाती होता तो जुना. जुन्या नकाशाचे अंश आम्ही नव्या यंत्रात घातले, म्हणजे एका गावच्या शेराने मोजलेले धान्य दुसऱ्या गावच्या शेराने विकले!

दुसरी गोष्ट नकाशाच्या प्रमाणाची. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. आमच्या पेन्सिलीचे टोक अर्धा मिलिमीटर जाड धरले तरी तेवढ्यातच २५ मीटर गेले. नकाशा चुकीचा नव्हता. ज्या कामासाठी तो केला नव्हता, त्या कामास आम्ही त्यास जुंपले.

तिसरी गोष्ट खोलीची. अशा नकाशावर सारख्या उंचीच्या रेघा असतात. त्यांवरून तळ्याची खोली काढता येईल, असे आम्हांस वाटले होते. परंतु त्या रेघा वीस-वीस मीटरांच्या अंतराने असतात. उजनीच्या साऱ्या खोलीत अशा एक-दोनच रेघा पडतात. दोन रेघांच्या मध्ये बांध आहे की खड्डा आहे, हे नकाशा सांगत नाही. सांगण्याची त्याची प्रतिज्ञाही नाही.

एवढे कळल्यावर आम्ही ठरविले की आता कागदावर विसंबावयाचे नाही. पाण्यात उतरून ताडून पाहावयाचे. गेल्या पौषात आमच्या पुतण्याची होडी, त्याचे खोली दाखविणारे यंत्र, दोन फोन आणि तात्यांची शिसे बांधलेली दोरी असा सरंजाम घेऊन आम्ही अनेक दिवस पाण्यावर काढले. तात्यांचे वय तेव्हा शहाऐंशीच्या घरात. तरी ते होडीच्या नाळेवर ताठ बसत.

प्रथम जागेची परीक्षा घेतली. काठावरील घाटाच्या एकाच पायरीवर सात दिवस फोन ठेवून आकडे टिपले. ते सारे सात-आठ मीटरांच्या वर्तुळात पडले. उघड्या आभाळाखाली साध्या फोनची जीपीएस सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर असते, असे ही व्यवस्था चालविणारे अमेरिकेचे शासनच सांगते. मे २००० पर्यंत ते सामान्य लोकांसाठी संदेशात मुद्दाम चूक मिसळीत असत आणि फरक शंभर मीटरांपर्यंत जाई. तो प्रकार तेव्हापासून बंद झाला. तळ्यावर झाडे नाहीत, इमारती नाहीत; म्हणून तेथे हे यंत्र गावापेक्षाही चांगले चालते.

तात्यांची रीत निराळी. देवळाचा कळस मागच्या टेकडीच्या माथ्यावर आला आणि डाव्या हातास वडाचे झाड खडकाच्या टोकास भिडले, की ते म्हणत, "थांबव. इथंच." दोन रेघा एकमेकींस एकाच बिंदूत छेदतात, हे भूमितीचे तत्त्व आम्ही मुलांस फळ्यावर शिकविले; तात्यांनी ते शाळेत न जाता आयुष्यभर पाण्यावर चालविले. त्यांनी एकच जागा तीन निरनिराळ्या दिवशी दाखविली आणि फोनच्या हिशेबाने ती तिन्ही वेळा दहा-बारा मीटरांच्या आत आली. म्हणजे जुनी रीत ही अंदाजपंचे नव्हती. परंतु तीत दोन उणिवा आहेत. रात्री व धुक्यात ती चालत नाही, आणि खुणेचे झाड कोणी तोडले की त्याबरोबर जागाही हरवते. उपग्रहास रात्र नाही. येथे आम्ही यंत्राचे पारडे जड मानतो.

एक सूचना मात्र तरुणांनी ध्यानात ठेवावी. फोनमधील अंशांचे आकडे लिहून घेताना दशांशचिन्हापुढील पाच आकडे लिहावे. पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो, चौथा अकरा मीटरांचा आणि तिसरा एकशे अकरा मीटरांचा. ज्याने कंटाळून तीनच आकडे लिहिले, त्याने यंत्राची सारी अचूकता स्वतःच्या हाताने पाण्यात टाकली.

मग खोलीची परीक्षा. तात्या दोन्ही हात पसरून दोरी मोजीत आणि 'वाव' सांगत. वाव सहा फुटांची, असा सर्वसाधारण समज आहे. आम्ही तात्यांची वाव टेपने मोजली, ती पाच फूट चार इंच भरली. ते हसून म्हणाले, "माझं हात जेवढं, तेवढंच पाणी." पण प्रत्येक वेळी ती तेवढीच भरे. चूक सारखी असली की ती दुरुस्त करता येते. कधी जास्त कधी कमी होणारी चूक मात्र सावरता येत नाही.

जुन्या शेतांच्या सपाट तळावर दोरी व यंत्र यांत एका वितीहून अधिक फरक पडला नाही. जेथे नदीचे जुने पात्र आहे, तेथे मात्र तात्यांची दोरी अकरा वाव गेली, म्हणजे सुमारे १७.९ मीटर, यंत्राने दाखविले १७.१. पुतण्या म्हणाला दोरी तिरपी गेली. तात्या म्हणाले यंत्र आंधळे आहे. विचार केल्यावर दोघेही काही अंशी बरोबर ठरले. वाऱ्याने होडी सरकली की दोरी तिरपी पडते आणि खोली अधिक दिसते, हे खरे. परंतु यंत्र आवाजाची लहर खाली सोडते व ती परत येण्यास किती वेळ लागला यावरून खोली काढते. पाण्यात आवाज एका सेकंदास सुमारे १,५०० मीटर जातो. ती लहर मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच माघारी येते. शिसे मात्र गाळात रुतून खाली जाते. एकाने गाळाचा माथा सांगितला, दुसऱ्याने त्याच्या पोटात शिरून सांगितले. दोरीस दुसरेही एक ज्ञान असते. शिशाच्या बुडास तात्या चरबी लावीत. ते वर आले की चिकटलेली माती पाहून चिखल, वाळू की मुरूम, हे सांगत. यंत्राच्या पडद्यावर हे ओळखण्यास मोठा सराव लागतो.

यंत्राची आणखी एक मर्यादा आहे. त्याची लहर बॅटरीच्या झोतासारखी खाली पसरत जाते. वीस अंशांचा झोत असला तर पंधरा मीटर खोलीवर तो सव्वापाच मीटर रुंद जागा एकदम पाहतो आणि त्यांतील जो भाग सर्वांत उंच, तोच प्रथम परत सांगतो. म्हणून उभ्या दरडीचा काठ यंत्रावर गोलसर उतरणीसारखा दिसतो आणि अरुंद घळ भरून गेल्यासारखी दिसते.

याहून महत्त्वाची गोष्ट नकाशा करण्याच्या रीतीत आहे. होडी एका रेघेने जाते, मग वीस-पंचवीस मीटर बाजूने दुसऱ्या रेघेने परत येते. यंत्र फक्त त्या रेघांखालचा तळ पाहते. मधली जागा त्याने पाहिलेलीच नसते. ती दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून हिशेबाने भरली जाते. नंतर नकाशावर सुंदर वळणदार रेघा उमटतात व पाहणारास वाटते की सारा तळ मोजलेला आहे. ज्या विहिरीने आमच्या त्या मुलाचे जाळे घेतले, तिच्यावरून तात्यांनी आम्हांस नेले नसते, तर ती आमच्या यंत्राच्या दोन रेघांच्या मध्ये राहिली असती, आणि नकाशावर तेथे सपाट शेत दिसले असते. यंत्राने खोटे सांगितले नसते. त्यास तेथे कोणी नेलेच नसते.

आता मुख्य मुद्दा. आम्हांस या साऱ्या खटाटोपातून जे मिळाले, ते एवढेच की "येथे खोली इतकी आहे" हे वाक्य अपुरे आहे. खोली जागेची असते, तशी ती दिवसाचीही असते. उजनी पूर्ण भरली म्हणजे तिची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. ४९१.०३ मीटरांस उपयुक्त साठा संपतो आणि त्याखालचा तो मृतसाठा. दोहोंत फरक ५.८० मीटरांचा, म्हणजे एकोणीस फुटांचा. आणि टंचाईच्या वर्षी पाणी त्याच्याही खाली जाते. समजा, एका विहिरीजवळचा तळ ४९० मीटर पातळीवर आहे. धरण भरले असता तेथे ६.८३ मीटर पाणी. उपयुक्त साठा संपला त्या दिवशी अवघे १.०३ मीटर, म्हणजे कंबरभर. विहिरीवर दोन मीटर उंचीचे दगडी खांब असले, तर भरल्या धरणात होडी त्यांवरून सुखरूप जाईल. पाणी फार उतरल्यावर ते उघडे दिसतील व आपण बाजूने जाऊ. परंतु पातळी ४९२.१० असेल त्या दिवशी ते पाण्याखाली केवळ दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे असतील. दिसणार नाहीत, आणि होडी फोडतील. धोका ऐन भरतीत नाही, ऐन ओहोटीतही नाही. तो मधल्या दिवसांत आहे.

म्हणून नकाशावर खोली लिहू नये, तळाची पातळी लिहावी. धरणाची रोजची पातळी पाटबंधारे खाते प्रसिद्ध करते. वर्तमानपत्रांतही ती छापून येते. त्या दिवशीच्या पातळीतून तळाची पातळी वजा केली की त्या दिवशीची खोली आली. चौथीच्या मुलाला येणारी ही वजाबाकी आहे. फोनमधील उंचीचा आकडा मात्र या कामास घेऊ नये. जीपीएस बाजूचे अंतर जितके चांगले सांगते, तितकी उंची सांगत नाही. शिवाय तिची उंची समुद्रसपाटीपासूनची नसून तिच्या स्वतःच्या कल्पित आकारापासूनची असते, आणि ती सुधारून दाखविली आहे की नाही, हे प्रत्येक फोनवर कळत नाही.

परदेशांत तळ्यांच्या खोलीचे नकाशे मासेमारांना सहज मिळतात, आपल्याकडे तसे का नाही, असे तरुण विचारतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तळी हजारोंनी आहेत, आणि तेथील शासन अशा नकाशांचा संग्रह ठेवते. त्यांतील पुष्कळ नकाशे जुन्या काळी शिसे बांधलेल्या दोरीनेच मोजून केलेले आहेत, हे ऐकून तात्यांस फार संतोष झाला होता. परंतु ती बहुतेक निसर्गाने केलेली तळी. त्यांचे पाणी आपल्या धरणासारखे वर्षातून एकोणीस फूट चढत-उतरत नाही. म्हणून त्यांना जे पुरते, ते आपणांस पुरणार नाही. आपल्या धरणांत गाळ किती साठला, हे उपग्रहांच्या छायाचित्रांवरूनही काढतात. पातळी खाली-वर होताना पाण्याचा काठ कोठे सरकला, हे पाहून तो हिशेब होतो. पण जो तळ कधी उघडा पडत नाही, तो त्या छायाचित्रांना दिसत नाही. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी त्या रेषेच्या खाली आहे. शिवाय भीमा, मुळा-मुठा व घोड या नद्या दर पावसाळ्यात गाळ आणीत असतात, तेव्हा तळही स्थिर नाही. यास्तव कोणताही नकाशा हाती आला, मग तो विकतचा असो वा फुकटचा, तर तीन प्रश्न विचारावे : मोजणी कोणत्या वर्षीची? त्या दिवशी पाण्याची पातळी किती होती? आणि मोजणाऱ्याच्या वाटा किती अंतरावर होत्या? ज्या नकाशास ही उत्तरे देता येत नाहीत, तो भिंतीस शोभा देईल, जाळ्यास नव्हे.

बंधूंनो, या परीक्षेत कोण जिंकले असे आपण विचाराल. जागा शोधून देण्यात उपग्रह जिंकला. सपाट तळावर दोघे बरोबरीत राहिले. गाळाची जात सांगण्यात दोरी जिंकली. परंतु कोठे शोधावे, हे सांगणारा तेथे एकच होता. तो ना उपग्रह, ना यंत्र, तो शहाऐंशी वर्षांचा म्हातारा.

तात्या म्हणत असत की अडचणीच्या जागा त्यांस दोन कोडी ठाऊक आहेत. पौषापासून आम्ही एकेक जागा वहीत उतरवीत होतो. जागेचे नाव, फोनवरील अंश, तळाची पातळी, मोजल्याची तिथी, खाली काय आहे आणि कोणी सांगितले, अशी सहा घरे त्या वहीत आखली होती. तेवीस जागा झाल्या. उन्हाळ्यात त्यांस होडीत बसवेना. पाऊस लागला की जाऊ, म्हणून आम्ही थांबलो. आषाढात तात्या निवर्तले. उरलेल्या सतरा जागा त्यांच्याबरोबर गेल्या. त्या पुन्हा सापडतील. पण कोणाच्या तरी जाळ्याच्या मोलाने सापडतील.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी. ज्यांनी ही गावे उघड्या डोळ्यांनी पाहिली, ती पिढी आता साठीच्या पुढे आहे. ज्यांनी त्या विहिरींवर मोट धरली, ते ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक काठावरच्या दोन तरुणांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस होडीत बसवून अशी एकेक वही करावी. होडीत बसणे होत नसेल तर काठावर बसवून विचारावे. मायबहिणींसही विचारावे, पाणवठा कोठे होता, धुण्याचा दगड कोणता, हे त्यांच्याइतके कोण जाणते? सर्व वह्या मंडळाच्या कपाटात एकत्र ठेवाव्या व त्यांची नक्कल प्रत्येक मच्छीमार संस्थेत असावी. आमच्या तेवीस जागांची वही आम्ही आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. त्या प्रत्येक जागी आम्ही दोनदा जाऊन खात्री केली आहे. यावेळी कागद भिजवून पाहिला आहे.

शेवटी एक इशारा देऊन आपली रजा घेतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या वाटेवर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जीव गेले, ते आपण विसरलेले नाही. कितीही अचूक नकाशा असला तरी तो वारा सांगत नाही. आभाळ भरले की काठ धरावा, आणि अंगात तरंगते जाकीट असल्याखेरीज होडी सोडू नये. तळ ओळखावा तो तेथे न जाता परत येण्यासाठी.

 त्या तरुणाने आज सकाळी आम्हांस नमस्कार केला व म्हटले, "गुरुजी, पुढची वही मी लिहितो." आम्हांस याहून मोठा सत्कार नको.

जय हिंद! जय महाराष्ट्र!